श्वास सोडायला किती वेळ लागतो?

"डॉक्टर, फिटनेस मिळाला ना?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात. फुप्फुसांची तपासणी म्हणजे पास-नापासाची परीक्षा, असा समज पक्का रुजला आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. रिपोर्ट हातात आला की तळाशी लिहिलेलं 'फिट' मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी बघते तो वरचा आलेख. उद्या पूर्ण भूल दिल्यावर, स्नायू सैल करणारं औषध गेल्यावर, या माणसाचा श्वास तास-दोन तास यंत्र चालवणार असतं. त्या यंत्राला कोणत्या लयीत चालवायचं, याचा अंदाज मला त्या आलेखातून येतो.

ही तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, तशी साधी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभर श्वास घ्यायचा आणि जीव खाऊन बाहेर फुंकायचा. पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेल्या एक आजी मला आठवतात. साठी ओलांडलेल्या, उंची १५० सेंटिमीटर, वजन ७५ किलो. पहिल्या दोन खेपांना त्यांनी अर्ध्यातच नळी सोडली. मग तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आजी, चुलीत फुंकणी मारता ना, तशी मारा. थांबायचं नाही. अजून, अजून, अजून!" आजींनी डोळे मिटून फुंकलं. पडद्यावरची रेघ वर चढली आणि मग उतारावर दमल्यासारखी खोलगट होत लांबच लांब सरकत राहिली. आजींनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. चूल मात्र चाळीस वर्षं फुंकली होती. आपल्याकडे श्वासनळ्या अशा कायमच्या आकसलेल्या कितीतरी बायका आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःला आजारी समजत नाहीत. "वय झालं, धाप लागायचीच," एवढ्यावर विषय संपतो.

आजींचे आकडे असे होते: एकूण फुंकलेली हवा १.८ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली ०.९ लिटर. म्हणजे निम्मीच. निरोगी माणूस साधारण तीन चतुर्थांश हवा किंवा त्याहून जास्त पहिल्याच सेकंदात सोडतो. वाफाऱ्यातून श्वासनळ्या रुंदावणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात आणि तरीही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर अडथळा कायमचा आहे असं समजतात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ घेते.

हे मोजमाप दोन टप्प्यांत जमलं. लंडनमध्ये जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याचं यंत्र वापरून खलाशी, पोलीस, पैलवान अशा दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजला. फुप्फुसांची क्षमता उंचीप्रमाणे वाढते, हे त्याने दाखवलं. पण त्याने मोजली ती एकूण हवा. त्या फुंकरीला घड्याळ लावून पहिल्या सेकंदाचा हिशेब पुढे आला तो १९४७ साली, फ्रान्समध्ये रोबेर तिफनो यांच्याकडून. माझ्या कामात या दोघांचीही रोज गरज पडते.

आधी हचिन्सनची उंची. व्हेंटिलेटर एका श्वासाला किती हवा देणार, हे ठरवताना माणसाचं खरं वजन धरायचं नसतं. पोट सुटलं म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. उंचीवरून काढलेलं वजन धरतात. आजींसाठी ते येतं सुमारे ४३ किलो. किलोला ७ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला ३०० मिलिलिटर. वजनकाट्यावरचे ७५ किलो धरले असते, तर हाच आकडा सव्वापाचशे झाला असता. पूर्वी भूल देताना मोठमोठे श्वास देण्याची पद्धत होती, कारण भूल दिल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो. दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांत हे घडतं. मोठ्या श्वासाने तो भाग उघडेल, असा तो विचार. पण ताणलेली फुप्फुसं दुखावतात. फ्रान्समध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या ४०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. छोटे श्वास, श्वास सोडल्यावरही टिकवलेला थोडा दाब आणि अधूनमधून फुप्फुसं उघडण्याची युक्ती, एवढ्या बदलाने गंभीर गुंतागुंत २७.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आली.

आता तिफनोंचं घड्याळ. मिनिटाला १२ श्वास ठेवले तर एका श्वासाच्या वाट्याला ५ सेकंद येतात. त्यातला एक भाग घ्यायला आणि दोन भाग सोडायला धरले, तर सोडायला मिळतात सव्वातीन सेकंदांच्या आसपास. निरोगी छातीला ते भरपूर. आजींच्या छातीला अपुरे. हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास आत ढकलला जातो, त्यावर आणखी एक. हवा साचत जाते, छाती फुगते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. अशा वेळी नळी यंत्रापासून क्षणभर सोडवली की कोंडलेली हवा निघून जाते आणि रक्तदाब सावरतो. पण ही वेळच येऊ नये. म्हणून आजींसाठी मिनिटाला १० श्वास, आणि घेण्याच्या चौपट वेळ सोडायला: १.२ सेकंद आत, ४.८ सेकंद बाहेर.

इथे एक पेच पडतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात मुरतो आणि फुप्फुसांवाटेच बाहेर टाकावा लागतो. शिवाय फुगलेलं पोट छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला वर ढकलतं. एरवी मी श्वासांची गती वाढवते. आजींच्या बाबतीत गती वाढवली की सोडायचा वेळ कमी होतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू द्यायचा, सर्जनला पोटातला दाब कमी ठेवायला सांगायचं आणि धीर धरायचा. हा निर्णय टेबलावर घाईत सुचण्यापेक्षा आधीच आलेख बघून घेतलेला बरा.

फुप्फुसं ताठर झालेल्या रुग्णाचं गणित नेमकं उलटं. त्याची एकूण हवाच कमी, पण पहिल्या सेकंदाचं प्रमाण चांगलं. त्याला छोटे आणि भरभर श्वास मानवतात.

सरसकट सगळ्यांना ही तपासणी मात्र मी सांगत नाही. दोन जिने न थांबता चढणाऱ्या, खोकला-धाप नसलेल्या माणसाला हर्नियाच्या ऑपरेशनआधी तिची गरज नसते. फुप्फुसाचा तुकडा काढायचा असेल तर ती हवीच. धाप, घरघर, जुना खोकला असेल, विडी-सिगारेटची किंवा चुलीच्या धुराची वर्षं मागे असतील आणि कारण नीट कळत नसेल, तर ती करून घ्यावी. आणि येताना आलेखाचा कागद सोबत आणावा, नुसती फिटनेसची चिठ्ठी नको.

आजींना आठवडाभर आधी श्वासातून घ्यायची औषधं सुरू केली. ऑपरेशनच्या दिवशी व्हेंटिलेटरच्या पडद्यावर मी एकाच रेघेवर नजर ठेवून होते, बाहेर पडणाऱ्या हवेच्या. प्रत्येक वेळी ती शून्याला टेकायची, क्षणभर थांबायची आणि मगच पुढचा श्वास सुरू व्हायचा.