फ्रेंच आडनावातला 'द' आणि सरदारकी

"फ्रेंच आडनाव दुर्मीळ असेल आणि त्याआधी 'द' असेल, तर घराणं नक्की सरदारी," असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटण्याजोगा वाटतो, कारण बऱ्याच सरदारांच्या नावात 'द' होताच. पण 'द' (de) म्हणजे 'चा' किंवा 'इथला', त्यातून मुळात कळतं ते गाव किंवा जागा. शेतकरी-सुतारांच्या नावातही तो सापडतो आणि कित्येक जुन्या सरदार घराण्यांच्या नावात तो नाही. दुर्मीळपणाचं कारण तर अनेकदा अगदी साधं असतं: नोंद करणाऱ्याने कानावर पडलं तसं लिहिलं आणि तेच स्पेलिंग एका शाखेला चिकटलं.

पडताळायचं असेल तर आधी १८९१ ते १९१५ मधल्या जन्मांचा जिल्हावार आडनाव-नकाशा पाहावा. मूळ मुलखाचा अंदाज येतो. मग त्या जिल्ह्याच्या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर नोंदी उघडाव्यात: १७९२ च्या अखेरीपासून नगरपालिकेच्या, त्याआधीच्या चर्चच्या. एकेक पिढी मागे जावं. लग्नाची नोंद आधी शोधावी, तिच्यात बहुधा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं मिळतात. १७८९ च्या राज्यक्रांतीआधीच्या नोंदीत नावापुढे 'एक्युइये' हे सरदारी बिरुद दिसलं तर सरदारकीचा धागा धरता येतो. 'लाबुरर' दिसलं तर तो स्वतःचा नांगर-जनावरं बाळगणारा शेतकरी. 'नोब्ल ओम' (शब्दशः 'कुलीन माणूस') वाचून मात्र फसू नये, सतराव्या-अठराव्या शतकात वकील-व्यापारीही ते बिरुद लावत.