घाडी की तलाठी? ‘भूत’ आणि ‘१३बी’ यांतला घोटाळा

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी, खळ्यात म्हणजे अंगणात, रात्री एक तरी भुताचा सिनेमा लागतोच. खुर्चीवर लॅपटॉप, बाजूला मच्छर अगरबत्ती आणि भोवती दहा-बारा डोकी. यंदा विरारच्या मावसभावाने फर्माईश सोडली, “तो लाव रे, अजय देवगणचा. नवीन फ्लॅटमध्ये राहायला जातात, लिफ्ट चालत नाही, टीव्हीत भूत असतं.”

असा सिनेमाच नाही. अजय देवगण ‘भूत’मधला, लिफ्ट आणि टीव्ही ‘१३बी’मधले. पण भावाला हसण्यात अर्थ नव्हता, कारण हा घोटाळा मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे. ‘भूत’ राम गोपाल वर्माचा, २००३ सालचा. ‘१३बी’ विक्रम कुमारचा, २००९ सालचा, माधवनचा. तो तमिळमध्येही ‘यावरुम नलम’ या नावाने निघाला. (२०२० साली विकी कौशलचा जहाजावरचा ‘भूत’ आला, तो तिसराच. त्याला यात ओढू नका.) दोन्हींत उंच इमारत, नव्याने राहायला आलेलं कुटुंब, आधी कधीतरी झालेला मृत्यू आणि चौकशी करणारा पोलीस. कथेचा सांगाडा सांगितला तर ओळखू येत नाही कुठला कुठला ते.

त्या रात्री दोन्ही लागोपाठ पाहिले. मावशी पूर्ण वेळ आठळ्या सोलत बसली होती, अर्धं लक्ष पडद्याकडे. दुसरा संपल्यावर ती उठता उठता म्हणाली, “पयला भूत माणसाचा, दुसरा जागेचा.” आणि झोपायला गेली. मला जे समजावायला अर्धा तास लागला असता ते तिने एका ओळीत उरकलं.

आपल्याकडे हे दोन प्रकार वेगळे धरतात. माणसाला जे लागतं ती बाधा. कुणी तिन्हीसांजेला नको तिथून गेला, कुणी भर बाराला एकटा व्हाळाकडे गेला, आणि मग तो आपला राहत नाही. मग बाधा उतरवायला घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक, बोलवावा लागतो. जागेचं प्रकरण निराळं. तिथे कुणीतरी आधीपासून आहे, राखणदार असो नाहीतर कुणी अतृप्त, आणि तुम्ही राखण, म्हणजे त्याचा मान, न देता पाया खोदलात. मग त्रास तुमच्यावर राग म्हणून होत नाही; त्या जागेत जो राहील त्याला होतो. बाधा कोकणकन्येत बसून दादरला पोचते. जागेचं भूत कुडाळ स्टेशनापर्यंतही येत नाही.

आता ‘भूत’ पाहा. विशाल आणि स्वाती भाड्याने फ्लॅट घेतात. तिथे आधी राहणारी बाई बाल्कनीतून पडून मेलेली. हे विशालला माहीत असतं, तो बायकोपासून लपवतो, आणि आपल्यालाही माहीत असतं. म्हणजे घरात काय आहे हे कोडं फार वेळ राहतच नाही. तिथून पुढे सगळा सिनेमा स्वाती झालेल्या उर्मिला मातोंडकरच्या चेहऱ्यावर घडतो. (मातोंड आमच्याच तालुक्यातलं गाव, त्यामुळे खळ्यात तिला थोडी जास्तच दाद मिळाली.) तिची नजर, तिचं रात्री उठून चालणं, आवाज बदलणं. इमारत हळूहळू मागे पडते. हीच गोष्ट उचलून एखाद्या माडीच्या घरात नेऊन ठेवली तरी काही बिघडणार नाही. सिनेमात एकही गाणं नाही, त्यामुळे पाणी प्यायला उठायलाही जागा मिळत नाही. डॉक्टर येतो, इन्स्पेक्टर झालेला नाना पाटेकर येऊन प्रश्न विचारतो, पण प्रकरण दोघांच्याही हाताबाहेरचं असतं. शेवटी येते ती रेखा, मांत्रिक म्हणून. म्हणजे घाडीच. माझ्यापुरतं बोलायचं तर तिथे माझी भीती जरा उतरते. बनियन आणि पंचा लावून गाऱ्हाणं घालणारा घाडी लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला रेखा त्या कामावर पटणं कठीण आहे.

‘१३बी’त कुणाच्या अंगात येण्यावर गोष्ट उभी नाही, आणि हाच मुद्दा भावाच्या लक्षात येत नव्हता. मनोहरचं, म्हणजे माधवनचं, एकत्र कुटुंब तेराव्या मजल्यावर हक्काच्या फ्लॅटमध्ये येतं. सुरुवातीला घडतं ते किती किरकोळ! दूध नासतं. देवघराच्या भिंतीत खिळा जात नाही. लिफ्ट बाकीच्यांना नेते, मनोहर एकटा असला की हलत नाही. घरात मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो वेडावाकडा येतो. यातली एकेक गोष्ट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार म्हणून देता आली असती. मग घरातल्या बायका दुपारी एकला ‘सब खैरियत’ नावाची मालिका बघायला लागतात. (तमिळ नावाचा अर्थही जवळपास तोच, सगळे खुशाल.) मालिकेतलं कुटुंबही नुकतंच नव्या घरात आलेलं. तिथे जे होतं ते मागोमाग यांच्या घरात होतं. आधी सगळं चांगलंच होतं, आणि म्हणूनच अधिक धडधडतं.

इथे मनोहर घाडी शोधत नाही. तो पुन्हा लिफ्टमध्ये शिरतो, पुन्हा फोटो काढतो, मालिका दुसरीकडे दिसते का ते बघतो. पोलीस मित्राला घेऊन जुने कागद उकरतो आणि १९७७ सालच्या एका प्रकरणापाशी पोचतो. ही इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी एक घर होतं. हे काम घाडीचं नाही, तलाठ्याचं आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात मेलेल्यांची नावं राहून गेली होती आणि बिल्डरने उतारा नीट वाचला नाही, एवढीच ती गोष्ट. म्हणून ही इमारतीशिवाय उभीच राहू शकत नाही. मजला, फ्लॅटचा नंबर, लिफ्ट, घरोघरी दुपारी चालू असणारा टीव्ही, सगळं पुराव्यात मोडतं.

म्हणून मी ‘भूत’ला भयपट म्हणतो आणि ‘१३बी’ला थरारपट. दोन्हींत मिसळ आहे हे कबूल. ‘भूत’मध्येही खून कुणी केला हा प्रश्न आहेच, आणि ‘१३बी’तली भुतं खरीच भुतं आहेत, कुणी चादर पांघरून फिरत नाही. तरी ताळा करायचा असेल तर कुणाला तरी आधीच शेवट सांगून बघा. ‘भूत’चा शेवट कळलेला माणूसही मधल्या दृश्यांना दचकतो, कारण भीती उर्मिलाच्या डोळ्यांत आहे, उत्तरात नाही. ‘१३बी’चा शेवट सांगितलात तर समोरचा तुमच्याशी बोलणं टाकेल, आणि बरोबरच करेल. उलट तो दुसऱ्यांदा पाहताना भीती जवळजवळ उरत नाही, पण कुठे काय पेरून ठेवलं होतं ते दिसायला लागतं. मला ही दुसरी खेप पहिलीपेक्षा आवडली.

याच उर्मिलाचा आणि याच दिग्दर्शकाचा १९९९चा ‘कौन?’ तर त्याहून गमतीचा. एक बंद घर, बाहेर पाऊस, तीन माणसं, भूत शून्य. तरी लोक त्याला भुताचा सिनेमा म्हणून सांगतात. अंधार आणि किंकाळी दिसली की सगळं एकाच टोपलीत.

भुताला वाडाच हवा, असं ‘रात्रीस खेळ चाले’नंतर तर मुंबईकरांनी धरूनच ठेवलं. २०१६ची ती मालिका आकेरीला चित्रित झाली आणि तेव्हापासून पाहुण्यांना आमच्या प्रत्येक पडवीत कुणीतरी दिसतं. पण वाड्यात भीती फुकट मिळते. काळोख असतो, न्हाणीघर मागे, शेजार लांब. फ्लॅटमध्ये बटण दाबलं की उजेड, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा कुकर, खाली वॉचमन. तिथे घाबरवायचं म्हणजे दिग्दर्शकाला राबावं लागतं. हे दोघे राबलेत, एक माणसाच्या अंगाने, दुसरा जागेच्या अंगाने.

भावाने कुडाळला नुकताच फ्लॅट बुक केलाय, चौथ्या मजल्यावर. सकाळी चहा घेताना त्याने बिल्डरच्या माणसाला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की इमारतीच्या आधी तिथे काय होतं. उत्तर आलं, भातशेती.

“आणि राखण दिली होती ना?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो माणूस म्हणाला, “कोंबडा आणि नारळ. हिशोबात किरकोळ खर्च म्हणून लावलाय.”

आतून मावशी विचारत होती, “काय म्हणता रे तो?”