ओन्-योमी व कुन्-योमी

जपानी लेखनातील कांजी या मूळच्या चिनी चिन्हांचे वाचन दोन प्रकारे होते. चिन्हाबरोबर चीनहून आलेला आणि जपानी जिभेवर रुळलेला उच्चार म्हणजे ओन्-योमी. त्याच अर्थाचा देशी शब्द आधीपासून बोलण्यात होता, तो चिन्हावर बसवला गेला, ती कुन्-योमी. पाण्याचे चिन्ह एकटे आले तर ‘मिझु’ वाचतात, ‘सुइयोबी’ (बुधवार) या जोडशब्दात तेच ‘सुइ’ होते. आपल्याकडे पिण्याचे ‘पाणी’ आणि धरणाचा ‘जलाशय’ असतो, तसेच हे. फक्त जपानीत ‘पाणी’ आणि ‘जल’ यांना चिन्ह एकच.

जसे लिहिले तसे वाचायची सवय असलेल्याला हे विचित्र वाटते. पण ‘२ रा’ आपण ‘दुसरा’ असेच वाचतो, ‘दोन रा’ कोणी म्हणत नाही. अर्थ अंकात, प्रत्यय अक्षरात. कुन्-योमीची क्रियापदे नेमकी याच धर्तीची असतात. ‘जाणे’ या अर्थाच्या कांजीपुढे हिरागाना लिपीत ‘कु’ आला तर ‘इकु’ (जाणे), ‘उ’ आला तर ‘ओकोनाउ’ (पार पाडणे). या शेपटाला ओकुरिगाना म्हणतात.

ओन्-योमीतही थर आहेत. सर्वांत जुना गो-ओन. तो बौद्ध शब्दांत टिकला. सातव्या ते नवव्या शतकांत चीनच्या थांग घराण्याच्या राजधानीत शिकून आलेल्यांनी कान-ओन आणला, तर झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर पुढे तो-ओन आला. नवा आला म्हणून जुना गेला नाही. त्यामुळे वरचेच ‘जाणे’चे चिन्ह ‘शुग्यो’त (साधना) ग्यो, ‘गिन्को’त (बँक) को आणि ‘आन्दोन’मध्ये (कागदी दिवा) आन असे वाचतात.

कधी चिन्हाचा अर्थ बाजूला ठेवून नुसता ध्वनी घेतात. संस्कृत ‘दान’ चिनी लिप्यंतरातून जपानला पोचले ते ‘दान्ना’ होऊन: आधी दाता, मग धनी, शेवटी नवरा. ‘क्षण’ तसाच ‘सेत्सुना’ झाला. उलट ‘ओतोना’ (प्रौढ) या शब्दात ‘मोठा’ आणि ‘माणूस’ या दोन चिन्हांवर मिळून एकच देशी शब्द बसवला आहे. त्याची फोड करता येत नाही. डोंगर, वर आणि खाली ही चिन्हे जोडून जपानमध्येच घडवलेले ‘तोगे’ (खिंड) याला तर ओन्-योमी नाहीच.

‘फुजियामा’ हा परदेशी लोकांचा घोळ. ‘यामा’ ही डोंगराची कुन्-योमी असली तरी जपानी माणूस ‘फुजिसान’च म्हणतो, आणि हा ‘सान’ आदरार्थी नव्हे. ती डोंगराची ओन्-योमी.

शब्दकोशांत ओन्-योमी काताकाना या दुसऱ्या उच्चारलिपीत व कुन्-योमी हिरागानात देण्याची रीत आहे. नित्य वापराच्या सरकारी यादीत 2010 पासून २,१३६ कांजी आहेत. व्यक्तिनामांत मात्र कोणते वाचन लागू हे नावावरून कळत नाही, म्हणून अर्जांवर उच्चारासाठी वेगळी ओळ असते. कुटुंबनोंदवहीत मात्र नावाचा उच्चार नोंदवण्याची तरतूद मे 2025 मध्ये लागू झाली.