मृगाआधी एकदा, दसऱ्याला एकदा : ड्रायरच्या पाईपची सफाई

पुण्यात पाऊस लागला की ड्राय बाल्कनी नावापुरतीच ड्राय उरते. दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर, वर कुबट वास. म्हणून आता बऱ्याच फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी कपडे गरम हवेने वाळवणारा ड्रायर दिसतो. विकत घेताना किती किलोचा आणि वीज किती खातो, हे सगळे विचारतात. मागून निघणाऱ्या चार इंची पाईपची चौकशी सहसा कोणी करत नाही. पुढे कपडे वाळेनासे होतात तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या पाईपमध्येच सापडतो.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबलाही आपण ड्रायरच म्हणतो. तो कपडे फक्त जोरात फिरवून पिळतो. त्यात हीटर नाही, की हवा बाहेर टाकणारा पाईप नाही. इथे विषय आहे तो पाईपवाल्या, म्हणजे व्हेंटेड ड्रायरचा.

हा ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो, हीटरच्या कॉइलवरून नेऊन तापवतो, ड्रममधल्या कपड्यांतून फिरवतो आणि जाळीतून गाळून पंख्याने पाईपवाटे बाहेर ढकलतो. भर पावसातही हे का जमतं? जुलैतली हवा २५ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तरी तीच हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास येते. इतकी तहानलेली हवा कपड्यांतलं पाणी भराभर शोषते. सहा किलो सुती कपडे हजार आरपीएमवर पिळून काढले, तरी त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन त्या पाईपमधूनच जायचं असतं.

वाफेबरोबर तूसही जातं. सुती धागा दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तंतू पिळून केलेला असतो. धुताना आणि ड्रममध्ये आपटताना त्या तंतूंची टोकं तुटतात. जाळीवर जी राखाडी, मऊ गादी जमते ती हीच. नवा सोलापुरी टॉवेल पहिल्या चार-पाच धुण्यांत सर्वांत जास्त तूस सोडतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर सगळे सुटे फासेच असतात. पॉलिस्टरचे सलग तंतू फार कमी तुटतात. जाळी बरंचसं तूस अडवते, पण बारीक तंतू निसटतातच. पाईपच्या बाहेरच्या टोकाकडे भिंत थंड असते, तिथे वाफेचं पाणी होतं आणि ओलं तूस चिकटतं. ते वाळलं की कागदाच्या लगद्यासारखा कडक थर बसतो. दर वापराला त्यावर नवा थर चढतो. पाईपच्या वळ्यांत, कोपऱ्यात आणि पाईप जिथे पोट सोडून लोंबतो तिथे हे सर्वांत लवकर होतं.

हा थर किती नडतो, याचा हिशेब करून बघा. चार इंची पाईपमध्ये आतून सगळीकडे अर्धा इंच तूस बसलं, तर वाट तीन इंचांची उरते. तेवढीच हवा तेवढ्याच वेळात ढकलायची तर पंख्याला लागणारा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपटीहून जास्त. घरगुती ड्रायरच्या पंख्यात एवढी ताकद नसते, म्हणून हवेचा प्रवाहच कमी होतो. हीटर मात्र पूर्वीइतकीच उष्णता देत राहतो. ती वाहून न्यायला हवा नाही, त्यामुळे आतलं तापमान चढतं आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. थोडं निवलं की पुन्हा चालू. ड्रायर दोन तास घुमत राहतो, बाहेरून हात लावला तर चटका बसावा इतका तापतो, आणि आतले कपडे दमट. कधी थर्मल फ्यूज, म्हणजे यंत्र फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा भाग, उडतो, तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. मेकॅनिकने फ्यूज बदलला आणि पाईप तसाच ठेवला, तर नवाही उडणार. म्हणून दुरुस्तीला माणूस आला की पाईप उघडून दाखवायला जरूर सांगा.

आगीचा धोकाही खरा आहे. चकमकीच्या ठिणगीने पेटवायला पूर्वी कापूसच का घ्यायचे, ते आठवा : बारीक, सुटे, कोरडे तंतू आणि त्यांच्यामध्ये भरपूर हवा. तूस हे तेच. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, तेव्हा तिथे घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि पहिल्या क्रमांकाचं कारण होतं साफसफाई न करणं : ३४ टक्के. तिथे पाईप भिंतींच्या आतून लांबवर नेलेले असतात, गॅसवर चालणारे ड्रायरही असतात. आपल्याकडचा पाईप बहुधा एक-दीड मीटरचा आणि डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे धोका कमी आहे आणि सफाई कितीतरी सोपी.

मग किती दिवसांनी? जाळी प्रत्येक घाण्यानंतर, एकही न चुकवता. फॅब्रिक कंडिशनर वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा मेणकट थर बसतो. जाळीवर पाणी ओतून पाहा. पाणी वर साचून राहिलं तर कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. पाईपसाठी परदेशी सल्ला वर्षातून एकदाचा असतो. पण पुण्यात ड्रायर वर्षभर सारखा चालत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो जुंपलेला असतो आणि एरवी झोपलेला. म्हणून आमच्या मते एक सफाई मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आत. तोवर आठ महिने उघड्या राहिलेल्या पाईपच्या तोंडात कबुतरांनी काड्या भरलेल्या असू शकतात. दुसरी दसऱ्याच्या साफसफाईत, म्हणजे पावसाळ्याचं ओलं तूस आत राहत नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा रोज दोन घाणे निघत असतील, तर गणपतीच्या आधी आणखी एकदा. आणि तारीख कुठलीही असो, चाळीस मिनिटांत वाळणाऱ्या कपड्यांना तास लागू लागला की त्याच दिवशी पाईप उघडा.

सफाईला अर्धा-पाऊण तास पुरतो. ड्रायर निवू द्या, बटण बंद करून प्लगही काढा. यंत्र अलगद पुढे ओढा. मशीनवर रचलेला असेल तर दोघांनी मिळून. पाईपची क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरने सैल करा आणि पाईप दोन्ही टोकांनी सोडवा. ड्रायरच्या मागच्या तोंडात हात जाईल तितकं तूस काढा, उरलेलं व्हॅक्यूम क्लीनरच्या चिंचोळ्या नळीने ओढा. पाईप गच्चीवर नेऊन झटका, आतून लांब दांड्याचा गोल ब्रश फिरवा. तुकडे जोडून लांब होणारा ब्रश असेल तर आत घालताना आणि बाहेर काढतानाही तो उजवीकडेच फिरवा. उलटा फिरवला तर आटे सुटून ब्रशचं डोकं आतच राहतं. बाहेरच्या तोंडावरची झडप सहज हलते का, तेही बघा.

वळ्यावळ्यांचा पातळ प्लास्टिकचा पाईप असेल तर तो साफ करत बसण्यापेक्षा बदललेलाच बरा. ॲल्युमिनियमचा, शक्य तितका गुळगुळीत, आखूड आणि ताणून बसवलेला घ्या. जोडावर स्क्रू ठोकू नका, त्यांच्या आत आलेल्या टोकांवर तूस अडकतं. क्लॅम्प आणि वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी पुरे. कबुतरांसाठी तोंडावर बारीक जाळी लावण्याचा मोह आवरा. ती काही आठवड्यांत तुसाने बुजते. झडप लावा, आणि जाळं लावायचंच तर अख्ख्या बाल्कनीला. तसंच पाईप बंद बाल्कनीतच सोडून दिला तर ड्रायर स्वतःचीच दमट हवा पुन्हा ओढतो आणि भिंतीवर बुरशी येते. तोंड बाहेर हवं आणि बाल्कनीची एक काच उघडी हवी.

ज्यात पाण्याची टाकी रिकामी करावी लागते त्या कंडेन्सर ड्रायरला पाईप नसतो. त्याचा कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पाणी करणारा भाग, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून नळाखाली धुवा. हीट पंपवाल्याच्या पत्र्या नाजूक असतात, त्या मऊ ब्रशनेच.

एक गोष्ट कितीही सफाई केली तरी टळत नाही. करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाने माखलेली फडकी, मालिशचे टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये घालू नका. ही तेलं हवेशी संयोग पावताना स्वतः उष्णता सोडतात. गरम कपड्यांचा ढीग ती उष्णता कोंडून धरतो आणि यंत्र बंद झाल्यावरही पेट घेऊ शकतो. शेवटची गार हवेची दहा मिनिटं त्यासाठीच असतात. घाई झाली तरी ती पूर्ण होऊ द्या.

सगळं जोडून झालं की ड्रायर भिंतीला टेकवताना पाईप मागे चेपत नाही ना, हे टॉर्चने बघा. मग रिकामा चालू करा : बाहेरची झडप उचलली जायला हवी आणि हाताला जोराचा झोत लागायला हवा. पहिल्या घाण्यात चार टॉवेल किती मिनिटांत वाळले ते तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहा आणि ती यंत्राच्या बाजूला चिकटवून ठेवा.