वर्ध्याचा ‘ध’ किती लांबून दिसतो?

जर्मनीतल्या येना शहरातली माझी पहिली संध्याकाळ दोन सुटकेसा ओढण्यात गेली. घरमालकीण आजींनी चिठ्ठीवर घराचा नंबर अकरा लिहिला होता. मी तो सत्त्याहत्तर वाचला आणि रस्त्याच्या पार टोकाला जाऊन एका अनोळखी घराची बेल वाजवली. जर्मन माणसं हाताने एकचा आकडा लिहिताना सुरुवातीची चढती रेघ इतकी लांब काढतात की आपल्याला तो सात वाटावा. त्यांना हे ठाऊक असतं, म्हणून सातच्या मध्यावर ते एक आडवी रेघ मारतात. ती रेघ नसेल तर तो एक. पण ही खूण मला कुणी सांगितलेली नव्हती, त्यामुळे रेघ नसल्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्याकडे १ आणि ९ मध्ये असाच घोळ होतो, आणि आपण तो सवयीने निभावून नेतो.

नागपूरहून मी तिथे फोटॉनिक्स, म्हणजे प्रकाशाचं तंत्रज्ञान शिकायला गेले होते. येनात विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ एर्न्स्ट अब्बे यांचं स्मारक आहे आणि त्याच्या दगडावर चक्क एक सूत्र कोरलेलं आहे. सूक्ष्मदर्शकातून जास्तीत जास्त किती बारीक गोष्ट वेगळी दिसू शकते, ती मर्यादा अब्बे यांनी १८७३ मध्ये मांडली. तेच हे सूत्र. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आपला नागपूरचा झिरो माइल आठवला. चार घोड्यांच्या पुतळ्यांशेजारच्या त्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, सिवनी अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. एक दगड सांगतो गाव किती लांब, दुसरा सांगतो नजर कुठपर्यंत. रस्त्यावरच्या पाटीला हे दोन्ही दगड लागतात, हे मला पुढच्या दोन वर्षांच्या भटकंतीत कळत गेलं.

आधी डोळ्याचं बघू. पंचांगात कोन मोजायला अंश, कला, विकला असतात. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला. धडधाकट डोळ्याला साधारण एका कलेइतकी फट दिसते. त्याहून बारीक फट बुजून जाते. यामागे प्रकाशाचाच स्वभाव आहे. डोळ्याच्या बाहुलीच्या छोट्या भोकातून आत येताना प्रकाश थोडा पसरतो. बाहुली अडीच मिलिमीटरची धरली आणि हिरवा उजेड घेतला, तर या पसरण्याचं उत्तर जवळपास एक कलाच येतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींची दाटीही त्याच बेताची आहे. म्हणजे कितीही चांगला चष्मा लावा, निसर्गाने मापच तेवढं दिलं आहे. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ याच हिशोबाने काढलेली असते. स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तो तक्ता केला. अक्षराची उंची पाच कला, त्यातली प्रत्येक रेघ आणि प्रत्येक फट एक कला. सहा मीटरवर ते अक्षर जेमतेम ९ मिलिमीटरचं भरतं.

ही तीक्ष्ण नजर फार थोड्या जागेपुरती असते. हात लांब करून अंगठा धरा. नखाएवढा तो भाग म्हणजे सुमारे दोन अंश, आणि खरं स्वच्छ दिसतं ते तेवढंच. बाकीचं डोळा भिरभिरत गोळा करतो. कडेच्या नजरेला आणखी एक अडचण असते, ती गर्दीची. या ओळीतल्या एका अक्षरावर नजर रोखून धरा आणि डोळा न हलवता सहा अक्षरं पुढचं अक्षर ओळखायचा प्रयत्न करा. ते दिसतं, पण शेजारच्या अक्षरांत कालवलेलं. हेर्मन बाऊमा यांनी १९७० मध्ये याचं माप दिलं: नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं की ओळख पुसते. म्हणून चांगल्या पाटीवर अक्षरं पुस्तकातल्यापेक्षा सुटी बसवतात.

सुट्ट्या लागल्या की मी स्वस्त तिकिटं काढून निघायचे. मैत्रिणी राजवाडे बघायच्या, मी पाट्यांचे फोटो काढायचे. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी काढलेलं अक्षर १९१६ पासून वापरात आहे. त्यात इंग्रजी छोट्या एलला खाली बाकदार शेपूट दिलं आहे, कारण नुसती उभी रेघ ठेवली तर ती मोठ्या आयपासून वेगळी दिसत नाही. पॅरिसजवळच्या विमानतळासाठी आद्रियाँ फ्रुटिगर यांनी केलेल्या अक्षरांत सी आणि ई यांची तोंडं मोकळी सोडली आहेत. ती मिटत आणली की लांबून सीचा ओ होतो. जर्मनीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं अक्षर तर मुद्दाम बेढब केलेलं आहे. कार्लगेऑर्ग हेफर यांनी १९७८ ते १९८० च्या सुमारास ते अशा बेताने काढलं की थोडा काळा रंग लावून कुणाला पीचा आर किंवा तीनचा आठ करता येऊ नये. मला आधी ते कुरूप वाटायचं. कारण कळल्यावर मी पार्किंगमध्ये उभी राहून एकेक आकडा निरखायला लागले.

पण सगळ्यात जास्त गुंतले ती ब्रिटनच्या रस्त्यांच्या गोष्टीत. १९५८ च्या डिसेंबरमध्ये तिथला पहिला मोटारवे, प्रेस्टनचा वळणरस्ता, खुला झाला. त्याच्या पाट्या जॉक किनियर आणि त्यांच्या तरुण सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केल्या होत्या. शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची छोटी, ही त्यांची रीत. त्याला डेव्हिड किंडर्सली या अक्षर कोरणाऱ्या कलाकारांनी हरकत घेतली. सगळी मोठी अक्षरं कमी जागेत जास्त लांबून वाचता येतात, असं त्यांचं म्हणणं. मग वाद परीक्षेला बसला. बेन्सनच्या विमानतळावर माणसं खुर्च्यांवर बसवली, गाडीच्या टपावर पाट्या लावल्या, गाडी त्यांच्याकडे चालवत आणली आणि कुणाला कोणती पाटी कधी वाचता आली ते टिपून घेतलं. किंडर्सलींची अक्षरं किंचित पुढे ठरली, पण फरक इतका लहान होता की निवड शेवटी दिसण्यावर झाली आणि किनियर-कॅल्व्हर्ट यांची अक्षरं राहिली. १९६५ पासून ती देशभर लागली. शाळेपाशी लहान मुलाला हात धरून नेणारी मुलगी कॅल्व्हर्ट यांनी स्वतःच्या लहानपणावरून काढली आहे. आपले लाल काठाचे त्रिकोणही तिथल्यासारखेच दिसतात.

त्या वेळी छोट्या अक्षरांच्या बाजूने एक युक्तिवाद होता: शब्दाची बाह्यरेषा उंचसखल होते आणि आपण ती बाह्यरेषा ओळखतो. पुढच्या संशोधनात हे फारसं टिकलं नाही. आपण अक्षरंच ओळखतो, मात्र बरीचशी एकाच वेळी. माझ्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट मोठी आहे. शब्द वाचता येणं हे शेवटी एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळं करणाऱ्या त्या एवढ्याशा खुणेवर येऊन ठेपतं. एलचं शेपूट, सीचं तोंड, सातची आडवी रेघ.

आणि इथे मला नागपूर आठवायला लागलं. गावातून बाहेर पडताना दोन नावं सारखी दिसतात: वर्धा आणि भंडारा. ध आणि घ यांत फरक किती? ध ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि टोकाला घुंडी असते, घ ची रेषा सलग. भ आणि म यांचंही तेच. म्हणजे वर्धा ‘वर्घा’ होऊ नये, भंडारा ‘मंडारा’ होऊ नये, याचा सगळा भार शिरोरेषेतल्या एका फटीवर आणि एका गाठीवर आहे. इथल्या माणसाला गाव पाठ असतं, तो पाटी न वाचताच वळतो. पाटी ज्याच्यासाठी लावतात तो बाहेरचा असतो.

हा धोका जुन्या लोकांनी ओळखला होता. १९५३ मध्ये लखनौला देवनागरीच्या सुधारणेसाठी परिषद भरली, तेव्हा ध आणि भ घुंडीचेच ठेवावेत आणि ख चा ‘रव’ वाचला जाऊ नये म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडावेत, असं ठरलं. नागपूरच्या महाल भागातले एक पेंटर काका मला सांगत होते, “ध ले घुंडी जोरात मारा लागते, नाही त दुरून घ दिसते.” त्यांना परिषदेची वार्ता नव्हती. शिडीवरून उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडून स्वतःचा बोर्ड बघायची त्यांची सवय. बेन्सनच्या विमानतळावर जे केलं ते हे गृहस्थ वर्षानुवर्षं करत आले आहेत.

आता समृद्धी महामार्गाचा हिशोब मांडू. कारला १२० किलोमीटर वेगाची मुभा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. रस्त्याच्या पाट्यांचा एक अमेरिकन ठोकताळा आहे: इंचभर उंच अक्षर सुमारे ३० फुटांवरून वाचता यावं. या मापाने ३० सेंटिमीटरचं रोमन अक्षर १०८ मीटरवरून वाचता येतं आणि ड्रायव्हरला तीन सेकंद मिळतात. नजर आरशावरून उचलायची, नाव शोधायचं, लेन ठरवायची, सगळं यातच. आता तेवढ्याच उंचीच्या पट्टीत देवनागरी बसवा. रोमन मोठं अक्षर पट्टी पूर्ण भरतं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार यांना जागा लागते आणि खाली उकारांना. मधल्या अक्षराला साधारण निम्मी, फार तर थोडी जास्त उंची उरते. त्यात ध ची फट दोन सेंटिमीटरची धरली, तर एका कलेच्या नियमाने ती सुमारे ७० मीटरवर येईपर्यंत दिसतच नाही. उरले दोन सेकंद. हे निरोगी डोळ्याचं, दिवसाउजेडी, स्वच्छ हवेतलं माप आहे.

बरं, अक्षरं सुटी करून हे सुटेल का? रोमनमध्ये सुटेल. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने बांधलेली असतात. अंतर वाढवलं की रेषा ताणावी लागते, आणि ताणलेल्या रेषेत ध ची फट आणखी हरवते. एक करून बघा. इंग्रजी ओळीचा खालचा अर्धा भाग कागदाने झाका. बरंचसं वाचता येतं. मराठी ओळीचं तसंच केलं तर वर शिरोरेषा आणि मात्रा उरतात, अक्षरं ओळखणं अवघड होतं. आपल्या अक्षरांची ओळख रेषेच्या खाली लटकलेली असते. म्हणून रोमनसाठी मोजून काढलेली मापं देवनागरीला नुसती लावून चालणार नाहीत, असं मला फार कळकळीने वाटतं. एकाच पाटीवर दोन लिपी म्हणजे पट्टीची उंची सारखी ठेवणं हा न्याय नाही. वाचता येण्याचं अंतर सारखं हवं.

नागपुरात तर एकाच लिपीत दोन भाषा नांदतात. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर मराठीत ‘नागपूर’ आणि हिंदीत ‘नागपुर’. उकाराचा एवढासा फरक, आणि तो अक्षराच्या पायाशी, सगळ्यात अरुंद जागेत! मला ती पाटी फार आवडते. आपलं गाव आधी हिंदी-मराठी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हे त्या एका उकारात दिसतं.

रात्र झाली की गणित पुन्हा बदलतं. पाटीचा चकाकणारा कागद हेडलाइटचा उजेड परत आपल्याकडे फेकतो, पांढरी रेघ फुगल्यासारखी दिसते आणि फटी बुजतात. अमेरिकेत यावर उपाय म्हणून मोकळ्या पोटाचं ‘क्लिअरव्ह्यू’ नावाचं अक्षर काढलं. २००४ मध्ये त्याला तात्पुरती मान्यता मिळाली, २०१६ मध्ये ती काढून घेतली, २०१८ मध्ये पुन्हा दिली. मधल्या काळात असं दिसलं की आधीच्या चाचण्यांतला बराचसा फायदा नव्या कोऱ्या, जास्त चमकदार कागदाचा असावा, आणि फिक्या पाटीवरच्या गडद अक्षरांत तर ते मागे पडतं. इतकी वर्षं मोजूनही असा तिढा पडतो, तर न मोजता काय होत असेल?

माझ्या बाबांना मोतीबिंदूची सुरुवात आहे. मोतीबिंदूत प्रकाश डोळ्यातच विखुरतो. “रात्री अक्षरांना पिसारा फुटतो,” असं ते म्हणतात. परत आल्यावर एका संध्याकाळी मी पाच सेंटिमीटर उंच अक्षरांत ‘वर्धा’ आणि ‘वर्घा’ असे दोन कागद छापले, ध ची फट पाच मिलिमीटर ठेवली आणि आमच्या गल्लीच्या एका टोकाला उभी राहिले. कोणता कागद धरला आहे ते न सांगता बाबांनी माझ्याकडे चालत यायचं आणि खात्री झाली की थांबायचं. चांगल्या डोळ्याने ही फट १७ मीटरवर दिसायला हवी. बाबा बरेच जवळ आले, दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा थांबले. मग मी फट दुप्पट केली आणि पेंटर काकांनी दाखवली तशी घुंडी ठसठशीत काढली. कागदावर तो ध जरा आडदांड दिसत होता. बाबा शेजारच्या फाटकापाशीच थांबले आणि तिथूनच ओरडले, “ध आहे! आता भंडारा आण.”