वाफ दिल्यावर चामड्याचा रंग का बिघडतो?

सोफ्याच्या हाताला किंवा मोटारीच्या सीटच्या कोपऱ्याला चामडे सुरकुती न पडता बसावे, म्हणून कारागीर त्याला वाफ देतात. वाफेने चामडे सैल पडते, फोमवर ताणून बसवता येते आणि घडीच्या खुणाही जातात. पण याच कामात कधी चामडे काळवंडते, कधी त्यावर तपकिरी कडेचा डाग उमटतो, तर कधी पांढुरका थर चढतो, आणि पुण्यातल्या बहुतेक दुकानांत या सगळ्याला एकच शब्द वापरला जातो: ‘जळाले’. हे निदान अनेकदा चुकीचे असते, आणि त्यापायी दुरुस्त होण्याजोगे चामडे कापून टाकले जाते. डागाचा रंग कोणता, त्याची कड कशी आहे आणि तो भाग हाताला कसा लागतो, एवढे नीट पाहिले तरी कारण बहुतेक वेळा हाती लागते.

वाफ चामड्याला उष्णता आणि पाणी एकाच वेळी, एकाच जागी देते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल ऊर्जा लागते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना मात्र सुमारे २२६० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते, आणि वाफ चामड्यावर निवली की ती चामड्यातच शिरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सियसला उकळते, पण हा दोन अंशांचा फरक चामड्याला वाचवायला पुरेसा नाही.

आता एकेक डाग पाहू. वाफ दिल्याबरोबर चामडे गडद दिसू लागले, तर आधी काहीही करू नये. कोरड्या चामड्याच्या तंतूंमध्ये हवा असते. तंतूंचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.५ आणि हवेचा १ असल्यामुळे प्रकाश त्यांच्या सीमेवर विखुरतो आणि चामडे फिके दिसते. हवेची जागा पाण्याने घेतली की हा फरक कमी होतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. प्रकाश आत शिरून तिथेच शोषला जातो आणि तोच रंग गडद भासतो. चामडे सावलीत पूर्ण वाळू दिले की हा गडदपणा आपोआप उतरतो. घाईने त्यावर पॉलिश किंवा रंग चढवणे ही मला सर्वांत वाईट चूक वाटते, कारण मग मूळ रंग कोणता होता हेच कळेनासे होते.

वाळल्यावरही तपकिरी कड उरली, तर ते पाण्याच्या प्रवासाचे काम असते. सांडलेला चहा वाळताना जशी कडेला गडद रेघ उमटते, तसेच इथेही घडते: ओल्या भागातले पाणी कडेकडे सरकते, तिथे उडून जाते आणि सोबत आणलेले टॅनिन (कातडे कमावायला वापरतात तो वनस्पतींतला तुरट पदार्थ) व रंगद्रव्य तिथेच सोडते. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेल्या आणि वर जाड रंगाचा थर नसलेल्या चामड्यात हा दोष ठळक दिसतो. अशा वेळी फक्त डाग पुसत बसले की आत नवी कड तयार होते. त्याऐवजी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा तुकडा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने हलका, सारखा ओलसर करून हळूहळू वाळू द्यावा. डाग पूर्ण गेला नाही, तरी त्याची कड विरते. खडकवासल्याचे नळाचे पाणी तुलनेने हलके असते, पण टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी स्टीमरमध्ये घातले, तर त्यातले क्षार थुंकल्यासारख्या उडणाऱ्या थेंबांबरोबर चामड्यावर येतात. चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते, आणि अल्कधर्मी पाण्याने टॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन ते लालसर-तपकिरी पडते.

निळसर-काळे डाग ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. ते बारकाईने पाहिले, तर पुष्कळदा ठरावीक अंतरावर, एका ओळीत दिसतात, आणि ती ओळ नेमकी खालच्या स्टेपल पिनांची असते. वाफेचे पाणी लोखंडापर्यंत पोहोचते, लोह विरघळते आणि टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळे संयुग बनते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून जुन्या काळी शाई करत, ती याच रासायनिक क्रियेवर. आजही जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात वेचला जाणारा हिरडा टॅनिनसाठी ओळखला जातो. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे यातून सुटते असे समजू नये, कारण सोफ्यासाठीच्या अशा चामड्यालाही पुढे बऱ्याचदा टॅनिनचा हात दिलेला असतो. गंजलेल्या टाकीचा स्टीमर, कात्री घासताना पडलेला लोखंडाचा कीस, जुने बारीक खिळे, यांतले काहीही पुरते. ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणून डाग फिका करते. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालून, आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावे आणि नंतर ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा टिपून काढावे. लिंबाच्या रसातले सायट्रिक आम्लही हे काम करते, मात्र कमी जोराने. स्टीमरची पहिली वाफ जुन्या फडक्यावर सोडून दिली आणि पिना गंज न धरणाऱ्या वापरल्या, तर बहुतेक वेळा यातले काही करावेच लागत नाही.

पांढुरक्या थराची कारणे तीन-चार असू शकतात. हेअर ड्रायरची कोमट हवा लागताच थर नाहीसा झाला, तर ती आतली चरबी वर आलेली असते. हवेने फरक पडला नाही, पण ओल्या फडक्याने निघाला, तर ते क्षार. केसाळ दिसला आणि कुबट वास आला, तर बुरशी, जी पावसाळ्यात न वाळलेल्या फोमवर हटकून येते. वरच्या लॅकरमध्ये (चकचकीत संरक्षक लेपात) ओल अडकूनही धूसरपणा येतो.

खरोखर जळालेले चामडे मात्र हाताला कळते: तो भाग आक्रसलेला, कडक आणि वाकवल्यावर भेगाळणारा असतो. चामड्यातले कोलॅजन हे तीन पिळांच्या दोरीसारखे प्रथिन आहे, आणि ठरावीक तापमानाला त्याचा पीळ सुटून ते सरसाच्या दिशेने जाऊ लागते. ओल्या, टॅनिनने कमावलेल्या चामड्यात हे साधारण ७० ते ८५ अंशांना घडते, तर क्रोमने कमावलेले सहसा १०० अंश किंवा त्याहून अधिक सोसते. कोरडे चामडे याहून बरेच जास्त तापमान सहन करते. म्हणून भिजलेल्या चामड्यावर पुन्हा वाफ देणे सर्वांत धोक्याचे. वाफ मागच्या बाजूने, थोडे अंतर ठेवून आणि स्टीमर सतत हलता ठेवून द्यावी. चामडे हाताला सोसेनासे गरम लागले, की थांबावे. आक्रसलेला तुकडा कोणत्याही तेलाने परत मऊ होत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून चामडे कापताना उरलेले तुकडे टाकून देऊ नयेत: त्यांतल्या एकावर आधी वाफ देऊन पाहता येते, आणि दुसरा तुकडा त्याच कातड्याचा असल्याने ठिगळाच्या रंगात फार फरक राहत नाही.