मोटरची दिशा आणि तारांचा क्रम

जळालेली डीपी बदलून वीज परत येते, विहिरीवरची तीन फेजची मोटर सुरू होते, आवाजही नेहमीसारखाच असतो, पण पाइपातून पडणारे पाणी मात्र बरेच कमी झालेले असते. अनुभवी वायरमन अशा वेळी पंप खोलायला घेत नाही. तो वीज बंद करतो, स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करतो आणि पाणी पूर्ववत पडू लागते. नव्या जोडणीत फेजचा क्रम बदलल्यामुळे मोटर उलटी फिरत होती, एवढाच तो बिघाड असतो. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप पाणी मागे ढकलत नाही, कारण त्याचा इम्पेलर, म्हणजे आतले पात्यांचे चाक, कोणत्याही दिशेने फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो; मात्र पात्यांची वळणे आणि पंपाच्या कवचाचा आकार एकाच दिशेसाठी घडवलेला असल्यामुळे दाब आणि पाणी दोन्ही घटतात. बोअरमध्ये खोल सोडलेल्या सबमर्सिबल पंपाचे फिरणे तर दिसतच नाही. तिथे दोन्ही जोडण्या करून पाहतात आणि जास्त पाणी देणारी जोडणी कायम ठेवतात.

दोनच तारा बदलून दिशा का उलटते, हे समजण्यासाठी मोटरच्या आत पाहावे लागते. स्थिर भागात तीन गुंडाळ्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर बसवलेल्या असतात आणि त्यांना मिळणारे तीन फेजचे प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. आधी लाल, मग पिवळा, मग निळा, असा प्रत्येकाचा क्षण एक तृतीयांश आवर्तनाने पुढे सरकतो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा जोर एका गुंडाळीकडून दुसरीकडे जात राहतो, म्हणजेच काहीही हलत नसताना क्षेत्र मात्र फिरते. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, म्हणून दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्यामागे किंचित कमी वेगाने धावतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची ही कल्पना इटलीतील गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी १८८०च्या दशकात एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. विद्युत अभियांत्रिकीत इतकी देखणी कल्पना दुसरी क्वचितच सापडेल, असे मला वाटते.

आता लाल-पिवळा-निळा हा क्रम वर्तुळावर मांडून पाहावा. तिन्ही तारा एकेक जागा पुढे सरकवल्या, तर पिवळा-निळा-लाल असा क्रम मिळतो, पण वर्तुळावर तो पहिलाच क्रम असल्याने मोटरची दिशा बदलत नाही. दोनच तारा बदलल्या, तर मात्र क्रम उलटतो. तीन तारा जोडण्याच्या एकूण सहा पद्धतींपैकी तीन एका दिशेच्या आणि तीन दुसऱ्या दिशेच्या असतात.

घरातल्या सिंगल फेज मोटरला असा क्रम आयता मिळत नाही. तिच्या मुख्य गुंडाळीचे क्षेत्र फिरत नाही, फक्त एकाच रेषेत कमी-जास्त आणि उलटसुलट होत राहते. म्हणूनच कपॅसिटर निकामी झालेला छताचा पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही, आणि काठीने ढकलला तर ज्या बाजूला ढकलावा त्या बाजूला हळूहळू फिरू लागतो. दिशा ठरवण्याचे काम दुसरी गुंडाळी करते, कारण कपॅसिटरमुळे तिचा प्रवाह मुख्य गुंडाळीच्या प्रवाहापुढे जातो. अशी मोटर उलटी करायची असेल, तर दोनपैकी एकाच गुंडाळीची टोके अदलाबदल करावी लागतात. प्लग उलटा लावून काहीच साधत नाही, कारण त्याने दोन्ही गुंडाळ्या एकदमच उलटतात आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते तसेच राहते. कपडे धुण्याच्या अनेक यंत्रांत दोन्ही गुंडाळ्या सारख्याच असतात. कपॅसिटर कधी एकीच्या, तर कधी दुसरीच्या मार्गात येतो आणि ड्रम आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरतो.

मिक्सरच्या मोटरमध्ये हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. तिथे आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) आणि फील्ड (स्थिर गुंडाळी) एकामागोमाग जोडलेली असतात, प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो आणि तरीही पाते एकाच बाजूला फिरत राहते, कारण दोन्हींचे ध्रुव एकाच वेळी पालटतात. तिची दिशा बदलायची, तर कार्बन ब्रशकडे जाणाऱ्या दोन तारा तेवढ्या उलटवाव्या लागतील. खेळण्यातल्या मोटरमध्ये फील्डच्या जागी कायमचे चुंबक असते आणि ते उलटत नाही, म्हणून तिथे बॅटरी उलटी लावणे पुरते.

कारखान्यातल्या क्रेनवर सुलट-उलट हालचाल वारंवार लागत असल्याने तिथे दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढले जाणारे स्विच, बसवतात आणि त्यांपैकी दुसरा दोन फेज अदलून जोडतो. हे दोन्ही एकाच वेळी ओढले गेले, तर त्या दोन फेजमध्ये थेट शॉर्ट सर्किट होते. म्हणून एकाच्या कॉइलचा मार्ग दुसऱ्याच्या अशा संपर्कातून नेतात, जो तो दुसरा ओढला गेला की तुटतो, आणि शिवाय दोघांमध्ये यांत्रिक अडसरही ठेवतात, कारण संपर्क वितळून चिकटला तर केवळ तारांच्या जोडणीवर विसंबता येत नाही.